वळायचा दगड

श्रीमंत अण्णांनी उभ्या जन्मात एक दगड खोटा मांडला नाही, हे मिरजगावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि खरं सांगायचं तर सगळी अडचण तिथंच झाली. माणूस थोडा लबाड असता, चार जणांनी त्याला कधी ना कधी लबाड म्हटलेलं असतं, तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

श्रीमंत हे नुसतं नाव; अण्णा मोजणी खात्यात भूकरमापक होते. जमीन मोजायची, हद्द दाखवायची, कोपऱ्यात दगड रोवायला लावायचा, हे काम त्यांनी छत्तीस वर्षं केलं. या कामात माणसाचं भलं कुणी चिंतत नाही. बांधावर दोन भाऊ समोरासमोर उभे असले की मोजणी संपल्यावर त्यातला एक तरी मोजणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोच. अण्णांनी शिव्या खाल्ल्या, एकदा मारही खाल्ला, पण नकाशा जिथं म्हणेल तिथंच दगड रोवला. घरच्या वाटणीच्या वेळी थोरले बंधू ज्ञानेश्वर यांनी त्यांचे पाय धरले होते. "तुझ्याच खात्यातला मानूस यनार हाय मोजायला. दीड हात सरकवून घे, माझी विहीर आत येईल," म्हणाले. अण्णांनी भावाला उठवलं, चहा पाजला आणि दगड होता तिथंच राहू दिला. भाऊ पुढं सात वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. पण गावात दोन शेजारी भांडले की लोक म्हणायला लागले, "शिरीमंत अण्णाला इचारा, त्यो सख्ख्या भावाचासुदिक न्हाई."

निवृत्त झाल्यावर असा माणूस करणार काय? दोन वर्षं ते अंगणात बसून पेपर वाचत राहिले आणि घरच्यांना पिडत राहिले. घरचे म्हणजे बायको, जया. लेक स्नेहल पुण्याला नांदत होती, तिला पिडणं फोनवरच उरकायचं. जयाबाईंची सुटका केली ती सहादेव सरांनी.

सहादेव सर हायस्कूलवर पी.टी. शिकवतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी 'रविवारची धाव' सुरू केली. दर रविवारी सकाळी साडेसहाला शाळेच्या मागच्या पटांगणात यायचं, तिथून कालव्याच्या चारीच्या कडेच्या कच्च्या रस्त्यानं अडीच किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. पळायचं असेल तर पळा, चालायचं असेल तर चाला. फी नाही, टी-शर्ट नाही, मेडल नाही, पाहुणे नाहीत, सत्कार नाही. आता आपल्याकडे फुकट गोष्टीवर कुणाचा विश्वास बसतो? सर पंचायत समितीला उभे राहणार अशी बातमी लगेच उठली. वर्ष गेलं, निवडणूकही होऊन गेली, सर काही उभे राहिले नाहीत, तेव्हा कुठं लोक पळायला यायला लागले.

पाच किलोमीटर बरोबर भरायला हवेत, म्हणून सरांनी अण्णांना बोलावलं. अण्णांनी टेप काढली, एका माणसाला दुसरं टोक धरायला लावलं आणि रस्ता तीनदा मोजला. अडीच किलोमीटर भरले तिथं चारीच्या काठाला लोखंडाची एक खुंटी जमिनीच्या सपाटीला ठोकली. त्या खुंटीवर दर रविवारी पांढरा रंग दिलेला एक दगड ठेवायचा आणि प्रत्येकानं त्या दगडाला हात लावून मागं वळायचं, असं ठरलं. दगड तिथंच का ठेवत नाहीत, असं बाहेरचा माणूस विचारेल. गावच्या माणसाला विचारायची गरज नाही. आठवडाभरात तो कुणाच्या तरी बांधात जाऊन बसला असता. म्हणून अण्णा रविवारी पहाटे उठायचे, जुन्या लूनाच्या पायरीवर दगड ठेवायचे आणि मांडून यायचे. मग पटांगणात खुर्ची टाकून हातात घड्याळ धरून बसायचे आणि येईल त्याचं नाव अन् वेळ वहीत लिहायचे. वेळ सेकंदासकट लिहायचे, त्यात सूट नाही. सुरुवातीला सहादेव सर स्वतः पळायचे तेव्हा एकदा त्यांनी आपले तीन सेकंद कमी करायची विनंती केली, तर अण्णांनी चष्म्यावरून असं पाहिलं की सरांनी पुन्हा कधी घड्याळाकडे मानही वळवली नाही.

जयाबाई सुरुवातीला नुसती गंमत बघायला आल्या होत्या. मग एका रविवारी साडीवरच चालून आल्या. पुढच्या रविवारी लेकीनं पाठवलेले बूट घातले. आयुष्यभर या बाईनं चूल, रान आणि पाहुणे यांच्यात येरझाऱ्या घातल्या होत्या. पण किती चाललीस, असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि इथं तर सरकारी माणूस त्यांचं नाव वहीत लिहून घेत होता. त्या सगळ्यात शेवटी यायच्या, त्यांच्या मागं नियमाप्रमाणे सहादेव सर चालत यायचे. शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी घरी जायचं नाही, असाही एक नियम होता. त्या आल्या की सगळे टाळ्या वाजवायचे. पासष्ट मिनिटं हा त्यांचा पक्का आकडा. एखाद मिनिट इकडं-तिकडं. घरी गेल्यावर त्या भाकरी थापता थापता विचारायच्या, "किती आलं हो आज?" माहीत असायचं, तरी विचारायच्या. अण्णा वही बघून सांगायचे. त्यांनाही माहीतच असायचं.

दोन वर्षांपूर्वी जयाबाईंना खोकला सुरू झाला. आधी धुळीचा वाटला, मग थंडीचा, मग काढे झाले, मग नगरला मोठ्या डॉक्टरकडे जाणं झालं. डॉक्टरनी फोटो काढले आणि सांगितलं, की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत. झालं ते परत मऊ होणार नाही. गोळ्यांनी वेग कमी होईल. चालणं चालू ठेवा, पण जपून.

जयाबाईंनी यातलं 'चालणं चालू ठेवा' एवढंच ऐकलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "ऐकलं का? पासष्ट मिन्टं येतात तंवर मला काय बी झालेलं न्हाई." आणि त्यांनी तेच धरून ठेवलं. डॉक्टरचे कागद त्यांना वाचता येत नव्हते. वहीतला आकडा वाचता येत होता.

गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आकडा एकोणसत्तर झाला.

अण्णांनी वहीत एकोणसत्तर लिहिलं, कारण दुसरं काही लिहिणं त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. जयाबाईंनी घरी जाऊन काही विचारलं नाही. बूट धुऊन, पिशवीत घालून माळ्यावर ठेवले. दुपारी जेवल्या नाहीत. संध्याकाळी लेकीशी फोनवर बोलताना म्हणाल्या, "आता कवातरी एकदा यून जा." एवढंच. लेक हसली, येते म्हणाली. अण्णा ओट्यावर बसून ऐकत होते. आठवडाभर बाई भिंतीला टेकून बसून राहिली. शनिवारी अण्णांनी स्वतः माळ्यावरून बूट काढले आणि म्हणाले, "वारं हुतं गेल्या वक्ताला. उद्या बघ."

आणि रविवारी पहाटे, चारीच्या काठाला, खुंटीपाशी लूना थांबवून, ते दगड हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. मग मागं, पटांगणाच्या दिशेनं दोनशे पावलं चालत आले आणि दगड तिथं ठेवला.

पावलं त्यांनी मोजली. खोटं करतानाही माणूस मापातच करत होता.

त्या दिवशी पासष्ट मिनिटं आणि वीस सेकंद आले. जयाबाईंनी घामेजल्या तोंडानं हसून विचारलं, "किती?" आणि अण्णांनी तिथल्या तिथं सांगितलं. बाईनं घरी जाऊन पुरणपोळ्या केल्या. आता तुम्ही म्हणाल, अण्णांनी पाप केलं. म्हणा. पण समोर बसून ती पोळी ज्यानं खाल्ली त्याला विचारा.

एकदा सुरुवात झाली की बांध कोरणाराचं काय होतं, हे अण्णांनी छत्तीस वर्षं पाहिलं होतं. दर नांगरटीला एक तास, नांगराची एक रेघ. थंडी संपेपर्यंत दगड साडेचारशे मीटर अलीकडं आला. जयाबाईंचा दम आटत होता आणि रस्ता त्यांच्या मापानं आखूड होत होता, म्हणून आकडा पासष्टच्या आसपास जागच्या जागी राहत होता.

आणि गावात काय चाललं होतं? आनंदीआनंद! प्रत्येकाची वेळ सुधारत होती. कापडाच्या दुकानातल्या गोरक्षची वेळ पाच मिनिटांनी खाली आली, तो दिसेल त्याला पोट दाबून दाखवायला लागला. सहादेव सरांनी शाळेच्या फळ्यावर 'सातत्याचे फळ' असा मथळा लिहिला. रस्त्यात बाभळी आहेत, चारीवरच्या छोट्या पुलाची मोरी आहे, एकाच्या रानातली विहीर आहे. दगड आधी मोरीच्या पलीकडं होता आणि आता अलीकडं आहे हे डोळ्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण अण्णांनी मांडलाय म्हटल्यावर मोरीच सरकली असेल, असं समजणारे लोक हे. फक्त राजनंदिनी नावाच्या एका मुलीनं विचारलं. ती पोलीस भरतीची तयारी करते, तिच्या मोबाईलमध्ये अंतर दिसतं. "अण्णा, चार पॉइंट एक दाखवतंय," ती सगळ्यांसमोर म्हणाली. अण्णांनी वहीतून मान वर न करता सांगितलं, "तुझा मोबाईल चुकतोय." सगळे हसले. पोरगी ओशाळली आणि त्या दिवसापासून मोबाईल घरी ठेवून यायला लागली. अण्णांना त्या रात्री झोप आली नाही.

फाल्गुनात नगरच्या डॉक्टरनी जयाबाईंना दवाखान्याच्या बोळातून सहा मिनिटं चालायला लावलं. बोटाला चिमटा लावला होता. चार मिनिटांतच त्यांनी भिंत धरली. चिमट्यावरचा आकडा पाहून डॉक्टर खुर्चीत सरळ होऊन बसले.

"घरी ऑक्सिजनचं मशीन घ्यायला लागेल," ते म्हणाले. "चालताना, झोपताना नळी लावायची. आणि हे रविवारचं बंद. शरीराला हवा कमी पडतेय, त्याचा ताण हृदयावर येतोय. आत्ता मशीन लावलं तर हृदय वाचेल. उशीर केला तर मग माझ्या हातात काही नाही."

"नळी नगं," जयाबाई म्हणाल्या. "नळी लावली की मानूस खाटंवर. माझ्या आईचं बघितलंय मी."

"अहो मावशी, तुम्हाला चार मिनिटं चालवत नाही."

"तुमच्या ह्या फरशीवर न्हाई चालवत. वास येतोय औषिधाचा. मी दर ऐतवारी पाच किलोमीटर चालते पासष्ट मिन्टांत. ह्यांनला इचारा. सरकारी मोजनीदार हायेत ह्ये." आणि त्यांनी पदरानं तोंड पुसून अण्णांकडं पाहिलं.

डॉक्टरनीही पाहिलं. "खरंच पाच किलोमीटर? तुम्ही मोजलंय?"

आता बोलायचं. अण्णांच्या जिभेवर शब्द आला होता. पण शेजारी ती बसली होती, भरल्या वर्गात आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट बघणाऱ्या मुलीसारखी, आणि तिची सगळी भिस्त त्यांच्या एका मानेवर होती. इथं, परक्या माणसापुढं, तिला खोटं पाडायचं?

"हो," अण्णा म्हणाले. "मोजलंय."

डॉक्टरनी कागद पुन्हा पाहिले, कपाळ खाजवलं. "आश्चर्य आहे. ठीक आहे, एवढं चालत असतील तर महिनाभर थांबू. पण वेळ वाढली की लगेच मशीन. कबूल?"

"कबूल," जयाबाई म्हणाल्या. "पासष्टाच्या वर गेलं तर तुमची नळी लावते. शब्द हाय माझा."

एसटीत जयाबाईंना खिडकीशी झोप लागली. अण्णा तिचा श्वास मोजत बसले. मिनिटाला चौतीस. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. बायको मरणाच्या वाटेवर आणि वाट आखून देणारे आपण. त्या आठवड्यात त्यांनी तीनदा तोंड उघडलं. एकदा ती शेंगा फोडत होती. एकदा देवापुढं दिवा लावत होती. एकदा दोघं अंथरुणावर पडली होती आणि तीच म्हणाली, "तुमी हुता म्हनून डाक्टरनं ऐकलं. दुसऱ्या कुनाचं ऐकलं नसतं." मग काय बोलणार?

शेवटी अण्णांनी आपल्या परीनं तोड काढली. तोंडानं सांगता येत नाही ना, मग दगडानं सांगायचं. दगड खऱ्या जागी मांडायचा. आकडा पासष्टच्या वर जाईल, तिनं शब्द दिलाय, नळी लागेल. खोटेपणा उघडा पडला तर पडो. पण हे करताना ती दमेल, याची त्यांना भीती होती, म्हणून त्यांनी सहादेव सरांना बजावून ठेवलं, "दम लागला की तिला बसवा आन् मला फोन करा." सर म्हणाले, "ते काय सांगायला लागतंय?"

रविवारी पहाटे अण्णांनी मोरी ओलांडली, बाभळी ओलांडल्या, बोटांनी माती उकरून खुंटी शोधली. गंजली होती, पण होती. दगड तिच्यावर ठेवला. किती तरी दिवसांनी त्यांना मोकळा श्वास आला, आणि लगेच आपल्या श्वासाची लाज वाटली.

पटांगणात पहिला पळणारा आला तो घड्याळाकडं बघून चक्रावला. दुसरा म्हणाला, वारं अंगावर होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. गोरक्ष पोट धरून खाली बसला आणि लग्नाच्या जेवणाला दोष देत राहिला. दगड आज लांब होता, असं दोघातिघांनी म्हटलं, पण आपल्याशीच म्हटल्यासारखं. राजनंदिनी आली, वेळ ऐकली आणि अण्णांकडं बघत उभी राहिली. अण्णांनी तिचं नाव लिहिलं आणि वर पाहिलं नाही.

पन्नास मिनिटांनी फोन वाजला. "अण्णा, या. काकू बसल्यात."

लूनाला किक मारताना त्यांचा पाय दोनदा घसरला.

जयाबाई मोरीच्या अलीकडच्या बाभळीखाली चारीच्या कठड्यावर बसल्या होत्या. बरोबर तिथंच, जिथं गेल्या रविवारी दगड होता. ओठ जांभळे पडले होते, खांदे भात्यासारखे वरखाली होत होते. सहादेव सर पाण्याची बाटली धरून उभे होते. समोर सरळ रस्ता होता आणि दूर, जिथं रस्ता बारीक होतो तिथं, एक पांढरा ठिपका दिसत होता.

अण्णा तिच्यापुढं उकिडवे बसले. तिनं आधी दम गोळा केला. बोलायला हवा लागते.

"दगड लांब नेलात," ती म्हणाली.

"न्हाई जया. जागंवर ठेवलाय."

"इतकं ऐतवार मी हितनं वळते. मला कळत न्हाई व्हय?" तिनं दम घेतला. "डाक्टरनी शिकवलं न्हवं हे? वेळ वाढली की नळी. म्हनून दगड म्होरं सारला."

अण्णांनी तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. दिवाळीपासूनचं. दोनशे पावलांपासूनचं. पुरणपोळीचं. राजनंदिनीच्या मोबाईलचं. डॉक्टरपुढं हो म्हटलं त्याचं. छत्तीस वर्षांत कुणापुढं एवढे शब्द ते एका वेळी बोलले नव्हते. "आजचा खरा हाय. ह्याच्या आदीचे समदे खोटे. मी खोटे मांडले. माझ्या हातानं."

जयाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, आणि काय करावं, बाई हसली. हसताना खोकला आला, खोकला थांबेपर्यंत सरांनी पाठ चोळली.

"सख्ख्या भावानं पाय धरलं तवा दीड हात न्हाई सरकवला," ती म्हणाली. "सात वर्सं त्याचं त्वांड बघितलं न्हाई. आन् आता मला सांगता, चारशे मीटर सरकवला?"

"तुझी शपथ, जया."

"माझी शपथ नगा घालू. आदीच दम कमी हाय."

"सर, तुमी सांगा," अण्णा वळले. "तुमी दर रविवारी येता. दगड मोरीच्या पलीकडं हुता का न्हाई पहिल्यांदा?"

सहादेव सरांनी मान खाली घातली. चांगला माणूस, पण त्या क्षणी त्याच्या चांगुलपणाचा अण्णांना संताप आला. "अण्णा, मला कळतंय तुम्ही हे का करताय," ते हळू आवाजात म्हणाले. "पण काकूंना फसवून नको. त्यांना समजावू आपण."

"मी फसवत न्हाई! आज न्हाई फसवत! टेप हाय लूनाच्या पिशवीत. मोजू. आत्ता मोजू. राजनंदिनीला बोलवा, तिच्या मोबाईलमदी बघा."

"तिचा मोबाईल चुकतोय असं तुम्हीच म्हणाला होता," सर म्हणाले.

ते लूनाकडं गेले, टेप काढली, तिचं टोक जयाबाईंच्या हातात द्यायला लागले. जयाबाईंनी हात मागं घेतला.

"मी तुमच्यावर टेप लावू?" त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पस्तीस वर्सं झाली आपल्या लग्नाला. समद्या तालुक्यानं तुमच्यावर टेप लावायला मागितली, मी कदी तुमच्या शब्दाला दुजोरा मागितला न्हाई. आज बी मागनार न्हाई. तुमी माझ्यापायी लबाड झालात, ह्येच मला लई लागलं. जन्मात पहिल्यांदा खोटा दगड मांडला, आन् त्यो माझ्यासाठी."

"व्हय," अण्णा म्हणाले. "तुझ्यासाठीच मांडला." आणि आपण काय बोललो आणि तिनं काय ऐकलं, हे त्यांच्या ध्यानात आलं. खरं बोलायला मराठीत आता एकही वाक्य उरलं नव्हतं. कुठलंही काढलं तरी ते तिच्या बाजूनं जाऊन उभं राहत होतं.

"तुज्या पाया पडतो," ते म्हणाले. "दगडाचं जाऊ दे. नळी लाव. मी सांगतो म्हनून लाव."

"पासष्टाच्या वर गेलं तर लावीन. शब्द दिलाय. पन मापात गेलं पायजे. असं न्हाई." त्यांनी बाभळीच्या बुंध्यापाशी बोट दाखवलं. "आना त्यो दगड. हितं ठेवा. शिवल्याबिगर मी उठनार न्हाई."

अण्णा हलले नाहीत. ऊन चढायला लागलं होतं. चैत्राचं ऊन, सात वाजल्यापासूनच चटका देणारं. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. सरांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "अण्णा, आणा. त्यांना इथं उन्हात बसवून ठेवणं बरं नाही. गाडीवरही बसत नाहीत, विचारून झालं माझं."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. अण्णांनी लूना सुरू केली. साडेचारशे मीटर गेले. खुंटीवरचा दगड उचलला. सोळा-सतरा किलोचा दगड, दर रविवारी सहज उचलायचे, आज छातीशी धरावा लागला. पायरीवर ठेवला आणि परत आले.

"हितं?"

"अजून उलीसा अलीकडं. हां. बास."

त्यांनी दगड ठेवला. जागा अचूक होती, इंचाचाही फरक नव्हता. जयाबाईंनी वाकून दगडाला हात लावला, हात कपाळाला लावला, सरांचा आधार घेऊन उठल्या आणि परत निघाल्या. दहा पावलं चालायच्या, थांबायच्या, पुन्हा दहा पावलं. मागं सर. आणि सर्वांत मागं, लूना बंद करून हातानं ढकलत, श्रीमंत अण्णा. शेवटच्या माणसाच्या मागं चालायचं काम आजवर त्यांनी कधी केलं नव्हतं.

पटांगणात सगळे थांबले होते. नियमच होता तो. त्यांनी टाळ्या वाजवल्या, नेहमीपेक्षा जास्त वाजवल्या, कारण बाईची अवस्था दिसत होती. कुणी खुर्ची आणली, कुणी लिंबू-साखर आणली. सहादेव सरांनी घड्याळ पाहिलं, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "काकू वाटेत बसल्या होत्या तो वेळ धरायचा नाही, अण्णा. चूक आपली होती. तेवढा काढला तर चौसष्ट होतात." चाललेल्या वेळेचा हिशेब सरांनी मायेनंच केला होता, त्यात घड्याळापेक्षा माया जास्त होती. कुणाची हरकत नव्हती. गोरक्ष तर म्हणाला, "आजचं आमचंबी धरू नका."

"चौसष्ट?" जयाबाईंनी विचारलं. तोंडाला घाम होता, ओठ अजून निळे होते आणि चेहरा उजळला होता. "म्हंजी एक मिनिट कमीच की."

राजनंदिनी थोडी दूर उभी होती. तिनं अण्णांकडं पाहिलं. अण्णांनी तिला नजरेनं काहीतरी विनवलं, बोल म्हणाले असतील किंवा बोलू नको म्हणाले असतील, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मुलगी बुटाची नाडी बांधायला खाली वाकली.

अण्णा खुर्चीपाशी आले, वही मांडीवर घेतली. जयाबाईंनी त्यांना जवळ बोलावलं, चारचौघांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "झालं गेलं. मी मनात धरलं न्हाई. पन माझ्यासाठी पुन्हा असं खोटं करायचं न्हाई बघा."

"न्हाई करनार," अण्णा म्हणाले.

"लिवा मग."

अण्णांनी पेनाचं टोपण काढलं आणि तिच्या नावापुढं चौसष्ट लिहिलं.